आज किती मीटर

नायनांचं ताट अजून ओलं आहे मोरीत,
भाकरीचा चुरा अजून मिशीत,
आणि ते उंबऱ्यावर बसून
कोंडाबाईंना सांगतायत,
सकाळपासून पोटात काही नाही.
अन्नम पेट्टलेदु, म्हणतात, वाढलंच नाही पोरीनं.
कोंडाबाई माझ्याकडे बघतात.
मी मोरीतल्या ताटाकडे.

आम्ही राहतो साखर पेठेत.
यावर हसून झालंय सगळ्यांचं.

विसरतात म्हणून दुसऱ्यांदा जेवतात,
दुसऱ्यांदा जेवतात म्हणून साखर चढते,
आणि साखर चढते म्हणून, बहुतेक,
आणखी विसरतात.
चाळीस वर्षं जकार्डवर चादरी काढल्या,
मोराच्या, कमळाच्या, सांगाल त्या नावाच्या,
पण टोकच नसलेला असा धागा
त्यांच्याही हाताखालून गेला नसेल.

डॉक्टरबाई तरुण आहेत, अक्कलकोटच्या.
बोलता बोलता कागदावर पोट काढलं,
डोकं काढलं, मध्ये एक रेघ.
म्हणाल्या, आतड्यात कोट्यवधी जीव राहतात,
आपण खातो त्यावर त्यांचं चालतं.
त्यांचं बिनसलं की आतलं अस्तर झिरपतं,
अंगात बारीक आग धुमसत राहते,
तीच साखरेपर्यंत, तीच मेंदूपर्यंत
पोचत असेल. कदाचित.
अजून नक्की कुणी सांगू शकत नाही.
गोळ्या चालू ठेवा. भाजी, डाळ, ताक वाढवा.

मी कागद चार घड्या घालून
ब्लाउजमध्ये ठेवला, नोटेसारखा.

रिक्षात मला कारखानाच दिसत होता:
खाली अंधारात रात्रपाळी,
लाखो हात, धोटा इकडून तिकडे,
आणि वर ऑफिसात दिवा लावून बसलेला मालक,
ज्याला वाटतं, सगळं आपल्याच डोक्यानं चालतं.
खालच्यांनी काम थांबवलं तर
वरती आधी काय विसरायला होईल?
पोरीचं नाव, की घरचा रस्ता?

अम्मा विड्या वळता वळता सांगायची,
पोटात ठेव हं.
उसनवारीची गोष्ट, मावशीच्या घरातली गोष्ट.
पोटात ठेवलेलं ती कधीच विसरली नाही.
मला वाटायचं, नुसती बोलायची रीत आहे.

आता रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवते.
सकाळी झाकण जरा उचललेलं असतं,
आंबट वास, आत काहीतरी जागं.
जिरं, ठेचलेला लसूण, मीठ.
रोज पातेलंभर कदाचित शिजवते मी.
नायना अर्धी वाटी आंबील पितात,
अर्धी मांजराला पाजतात.
मांजर मात्र तुकतुकीत झालंय.

संध्याकाळी बोट टोचायची वेळ.
आधी हात मागे लपवतात,
मग थेंब येतो, यंत्र पिक् करतं,
आणि ते एकदम ताठ बसतात.
'किती मीटर?'
'दोनशे बारा.'
'एका पाळीत?'
'एका पाळीत.'
असा चेहरा फुलतो की
मला औषधाचा राग येतो.
'लिहून ठेव. शनिवारी दांडी मारेल मुकादम.'

मी लिहिते. वहीत तारीख, दोनशे बारा.
आणि शनिवारी खरंच
वीसच्या सहा नोटा हातात ठेवते.
थुंकी लावून मोजतात, चुकत नाहीत,
एक काढून मला परत देतात.

'पोरीला शेंगा आण.'
'कुठली पोर, नायना?'
'माझी. शाळेतून येईल आता.'
जरा थांबतात, दाराकडे बघतात.
'शेंगाच आण. चिक्की नको.
गोडाची सवय लागली
की मग सुटत नाही.'